बसायला सांगितलंत

कार्ड पिवळं होतं, तळहाताएवढं, आणि पावसाळी हवेनं सादळलेल्या पापडासारखं मऊ पडलं होतं. त्यावर निळ्या शाईत दोन ओळी. अक्षरं कन्नड. शाळेत मला कन्नड होतं, त्यामुळे वाचता येतं, पण एकेक अक्षर जोडत जावं लागतं. मी कन्नड समजूनच वाचायला घेतलं आणि अर्थ काही लागेना. स्टाफरूममध्ये त्या वेळी कुणी नव्हतं. तेच पुन्हा, जरा मोठ्यानं वाचलं, आणि डोळ्यांना कळत नव्हतं ते कानाला कळलं. "म्याडम, त्या दिवशी तुम्ही मला बसायला सांगितलंत. थ्यांक्यू." लिपी कन्नड, बोली आमची. खाली नाव होतं, पण त्यावर पाण्याचा थेंब पडून निळा डाग झाला होता. डागाच्या कडेला एका अक्षराचं शेपूट तेवढं उरलं होतं.

कोणत्या दिवशी? कुणाला?

लिपीचं मला आश्चर्य वाटलं नाही. घर मराठी आणि शाळा कन्नड अशी मुलं आमच्याकडे बेळगावात दर वर्षी वर्गात दोन-चार असतातच. घरच्यांनी पुढच्या नोकरीचा विचार करून कन्नड माध्यमात घातलेलं असतं. मराठी ती आईकडून कानानं शिकतात आणि लिहायची वेळ आली की हाताला सवयीची असलेली अक्षरं वापरतात. मागच्या बाकावर बसून कवितेचं रसग्रहण कन्नड अक्षरांत उतरवून घेणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा सगळ्या वर्गासमोर तिला रागावले होते. मराठीच्या तासाला हे काय चाललंय, म्हणून. तिनं वही मिटली. वर्षभर माझ्या तासाला ती पुन्हा उघडली नाही. मराठी टिकली पाहिजे म्हणून जीव टाकणारी मी, आणि मराठी टिकवायला जी पोर तिला ठाऊक होता तो एकमेव मार्ग धरून बसली होती, तिलाच मी गप्प केलं. त्याला आता बारा वर्षं झाली असतील. कार्ड हातात घेतल्यावर पहिली आठवण तिचीच आली; पण ती ही नव्हे. तिला मी बसायला सांगितलं नव्हतं, उभं केलं होतं.

आमच्या कॉलेजात जुलैच्या शेवटी कृतज्ञता सप्ताह झाला, त्यातलं हे कार्ड. कल्पना मानसशास्त्राच्या मॅडमची. लायब्ररीच्या जिन्याखाली एक बोर्ड लावला, त्यावर आडव्या सुतळ्या, सुतळ्यांना कपड्याचे चिमटे, आणि खाली चपलांच्या खोक्यात पिवळी कार्डं. कॉलेजच्या आवारातल्या कुणालाही आभाराच्या दोन ओळी लिहायच्या, एवढाच नियम. पहिले दोन दिवस प्राचार्य, लाडके सर आणि मैत्रिणींच्या नावांपुढे काढलेले बदाम यांनीच बोर्ड भरला. मला वाटलं, झालं, हेही नेहमीसारखंच होणार. तिसऱ्या दिवसापासून मात्र वेगळी कार्डं दिसायला लागली. कणकुंबीकडची बस उशिरा आली तरी गेट उघडणारे वॉचमन. महिनाअखेरपर्यंत उप्पीट-चहाची उधारी वहीत मांडून ठेवणारे कॅंटीनवाले काका. दुसऱ्या रेल्वे गेटापर्यंत छत्रीत घेऊन गेलेली 'बी.कॉम.ची कोणतरी ताई'. बाहेर बेळगावचा पाऊस, तो एकदा लागला की आठ-आठ दिवस उसंत देत नाही. जिन्यावर ओल्या छत्र्यांचा वास, फरशीवर लाल मातीचे पाय, आणि वाऱ्यासरशी सुतळीवर फडफडणारी ती मऊ कार्डं. मधल्या सुट्टीत तिथं मुलं उभी राहून वाचायची आणि नेहमीपेक्षा हळू बोलायची.

उद्घाटनाच्या दिवशी मानसशास्त्राच्या मॅडमनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं होतं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन संशोधकांनी कॉलेजच्याच विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या. दुसऱ्यानं त्रासाच्या गोष्टी लिहायच्या. तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या. 2003 साली तो निबंध छापून आला. पहिल्या गटातल्या मुलांना आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. त्या निबंधाच्या इंग्रजी नावात 'ब्लेसिंग्ज' आहे आणि समोर 'बर्डन्स' आहे, म्हणजे ओझी. मॅडम हे सांगत होत्या आणि मी माझ्या नादात 'आभार' या शब्दापाशी थांबले. तिकडे ज्याला ओझ्याच्या विरुद्ध ठेवलं, त्यालाच आम्ही भार म्हणतो.

वर्गात हा शब्द मी दर वर्षी फोडून दाखवते. आभार आणि उतराई हे दोन्ही शब्द मला एकाच चित्रात दिसतात. आमचं गाव जांबोटीच्या बाजूचं, रानाच्या कडेचं. आई आणि शेजारणी उन्हाळ्यात लाकडं आणायला जायच्या. लाकडाचा भारा कितीही नीट बांधला तरी आपला आपल्याला डोक्यावर चढत नाही, दुसरीला म्हणावं लागतं, "हात लाव गे." ती हात लावते, मग तिचा चढवायला तिसरी. सगळ्यात शेवटी राहते तिचं अवघड. ती भारा उंच धोंड्यावर टेकवून, खाली वाकून, मान त्याच्याखाली घालून उठते. घरी आल्यावर उतरवायलाही कुणीतरी हात लावायचं. या सगळ्यात कुणी कुणाला धन्यवाद म्हटलेलं मला आठवत नाही. पण शेवटी कोण राहिली होती, हे सगळ्यांच्या ध्यानात असायचं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा भारा पहिल्यांदा चढायचा. हे ठरवलेलं नव्हतं. मी लहान होते, मागे-मागे करवंदं खात चालायचे, तरी मला ते दिसायचं.

आमच्या बोलण्यात आभार नाहीतच म्हटलं तरी चालेल. पाणी दिलं म्हणून घरातल्या कुणी आईला धन्यवाद म्हटलं तर ती कपाळाला हात लावून बघेल, ताप आलाय काय की. 'थँक्यू' आता पोरांच्या तोंडी आलाय, पण तो दुकानात, फोनवर. मराठीत कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन असतं, कन्नड कार्यक्रमात त्याच जागी वंदनार्पणे असते, आणि दोन्हीकडे तोवर मागच्या खुर्च्या सरकायला लागलेल्या असतात. मला पूर्वी वाटायचं, आपल्या माणसांना बोलता येत नाही, ही आपली उणीव. मग 2018 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. पाच खंडांतल्या आठ भाषांमधली घरातली, शेजारपाजारची रोजची बोलणी रेकॉर्ड करून तपासली होती. कुणी काही मागितलं आणि समोरच्यानं ते दिलं किंवा केलं, अशा वेळी शब्दांनी आभार मानले गेले ते वीसातून साधारण एकदा. इक्वाडोरमधल्या एका भाषेत तर एकदाही नाही. भारतातली एकही भाषा त्यात नव्हती, पण आमचं स्वयंपाकघर त्यात असतं तर आकडा आणखी खाली गेला असता. मला ते वाचून बरं वाटलं. जगभरची माणसं मीठ मागतात, मीठ देतात आणि जेवत राहतात.

बरं वाटलं, पण पुरतं नाही. कारण मावशींचं कार्ड.

मावशी आमच्या कॉलेजात झाडलोट करतात, लेडीज रूम त्यांच्याकडे. पाचव्या दिवशी त्या कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या. "बाई, हे मला दिलंय म्हणे. काय आहे बघा की." कार्डावर लिहिलं होतं, "मावशी, तुम्ही रोज बादली भरून ठेवता. नळाला पाणी नसतं तेव्हा आमची अडचण होत नाही. तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, हे आम्हाला माहीत आहे." खाली पाच सह्या. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "परत एकदा वाचा." मी परत वाचलं. मग त्यांनी कार्डाची चौघडी घडी घालून कनवटीला खोचली, तिथं आधीच बसचं तिकीट आणि तंबाखूची पुडी होती. "मी काय केलं की? पगार घेतो की मी," म्हणाल्या. आणि दारापर्यंत जाऊन मागं वळल्या. "कार्ड चांगलं आहे, बाई. पण पगाराचं तेवढं बघा की." कंत्राटदाराकडून त्यांचा पगार दीड महिना झाला नव्हता. लायब्ररीच्या जिन्याखाली आम्ही सप्ताह साजरा करत होतो आणि ज्या बाईच्या नावाचं कार्ड त्यातलं सगळ्यात सुंदर कार्ड होतं, ती वडगावच्या दुकानातून उधारीवर तांदूळ आणत होती. मला तोंड वर करवेना. देणं चुकतं करायच्या ऐवजी आभार मानणं यासारखा दुसरा अपमान नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. त्याच दिवशी आम्ही सहा जणांनी सह्या करून ऑफिसला पत्र दिलं, आणि पुढच्या सोमवारपासून रोज जाऊन विचारत राहिलो. पगार झाला. मावशींनी त्याबद्दल आमचे आभार मानले नाहीत, आणि ते अगदी बरोबर होतं. मात्र कार्ड त्यांनी टाकलेलं नाही. मागच्या आठवड्यात कनवटीतून तिकीट काढताना मला पिवळा कोपरा दिसला.

खरं तर या गावातल्या कॉलेजांच्या पाट्या म्हणजे लिहून ठेवलेले आभारच आहेत. 1933 साली सुरू झालेलं लिंगराज कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते शिरसंगीचे लिंगराज देसाई आपली दौलत शिक्षणासाठी ठेवून गेले. गोविंदराम सेक्सरिया, गोगटे, ही नावं आम्ही बसच्या थांब्यांसारखी उच्चारतो, त्यांच्यामागं कुणीतरी दिलेलं काहीतरी आहे हे विसरून. 1916 साली सात तरुण शिक्षकांनी मिळून के.एल.ई. ही शिक्षणसंस्था उभी केली. अशा माणसांनी तेव्हा हात लावला म्हणून आमच्यासारख्यांचे भारे चढले. त्या पाट्यांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण पाटीवर नाव यायला इमारत द्यावी लागते. बादली भरून ठेवणाऱ्याची पाटी कुठं लावणार?

आणि खिडकीतल्या सरांची?

त्यांना आम्ही तेच म्हणायचो. ऑफिसच्या दुसऱ्या खिडकीत बसायचे, बैलहोंगलचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि मराठी कळायची पण बोलायचे कन्नडच. मी 1998 साली कॉलेजात आले. जांबोटीची सकाळची बस कुसमळीच्या पुलावरून किणये, पिरनवाडी करत उद्यमबागेतून तिसऱ्या रेल्वे गेटाला यायची. पावसात मलप्रभेला पाणी चढलं की गाडी यायची नाहीच. तशात एकदा फी-सवलतीचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. आदल्या दिवशी गाडी नव्हती. त्या दिवशी मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, अंगावरच्या कपड्यांतून पाणी गळत होतं, आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला उत्पन्नाचा दाखला, त्यात वडिलांचं नाव चुकलेलं. छापील अर्ज सगळा कन्नड. शाळेतलं कन्नड धडे पाठ करण्यापुरतं. सरकारी कन्नड म्हणजे दुसरीच भाषा. मी खिडकीपुढं उभी राहिले आणि मला रडू यायला लागलं. खिडकीतल्या सरांनी अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठून बाजूचं दार उघडलं आणि आतली एक लाकडी खुर्ची दाखवून म्हणाले, "कुंद्र यव्वा." बस, बाळ.

ऑफिसच्या आत, त्या खुर्चीवर, मुली बसायच्या नाहीत. आमच्यासाठी खिडकीची बाहेरची बाजू होती. माझ्या स्कर्टचं पाणी फरशीवर जमत होतं आणि ते पाहून मला आणखी लाजल्यासारखं होत होतं. सरांनी डबा उघडला होता, जोंधळ्याची कडक रोटी, शेंगाचटणी, भरल्या वांग्याचा वास. त्यांनी मला विचारलं, "ऊटा आतेनवा?" जेवण झालं का, एवढंच. 'ऊटा' हा शब्द मला माहीत होता. पण त्या घाबरलेल्या क्षणी माझ्या कानानं मराठी 'ऊठ' ऐकलं आणि मी ताडकन उठून उभी राहिले. ते क्षणभर गोंधळले. मग त्यांना कळलं, आणि हसले नाहीत. पुन्हा म्हणाले, "कुंद्र, कुंद्र," आणि अर्धी रोटी कागदावर चटणीसकट माझ्यापुढं ठेवली. मग माझा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला. वडिलांच्या नावाचं काय करायचं ते प्राचार्यांना जाऊन विचारून आले, त्यांची सही आणली, आणि साडेपाचपर्यंत पाकीट बंद न करता माझ्या अर्जासाठी थांबले. ती सवलत मिळाली नसती तर मी दुसऱ्या वर्षाला नसते, इतकं माझं घर मला माहीत होतं. माझी पदवी धारवाडची. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 चं, ते माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं. त्या पदवीच्या कागदाकडे पाहताना मला अजून शेंगाचटणीचा वास येतो.

मी थँक्यू म्हटलं नाही. आईला घरी येऊन सांगितलं तेव्हा तिनं उन्हाळ्यात घातलेली फणसपोळी डब्यात भरली आणि म्हणाली, त्यांना नेऊन दे. चार दिवसांनी सरांनी डबा परत केला, शेंगाचटणीनं भरून. आपल्यात भांडं रिकामं परत देत नाहीत. त्यांच्यातही नाहीच देत, हे मला तेव्हा कळलं. पुढं तीन वर्षं तो ॲल्युमिनियमचा डबा जांबोटी-बेळगाव-बैलहोंगल असा फिरत राहिला. मध, काजूबिया, कोकमं जायची. गुरेळचटणी, शेंगाहोळिगे म्हणजे शेंगदाण्याच्या पोळ्या यायच्या. आई आणि सरांच्या बायको एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, भेटल्या असत्या तर बोलायला भाषा नव्हती. एक नोव्हेंबर यायचा, गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडे मराठी माणसांची काळ्या दिनाची फेरी, हवेत ताण असायचा. दोन तारखेला मी खिडकीपाशी गेले की सर विचारायचे, "ऊटा आतेनवा?" एकदा फणसपोळीचा डबा हातात घेऊन त्यांनी मला एक म्हण सांगितली होती. उप्पिट्टवरन्नु मुप्पिन तनक नेने. मीठ दिलं त्याला म्हातारपणापर्यंत आठव. आमच्या खाल्ल्या मिठाला जागण्याची ती सख्खी बहीण. आम्ही ज्याला उप्पीट म्हणतो त्या शब्दात तेच कन्नड मीठ आहे, हे मला पुढं शिकवायला लागल्यावर कळलं.

डबा फिरत होता म्हणून मला वाटायचं, आपलं आभाराचं काम चालू आहे. पण तो डबा आईचा होता. भरत होती ती, मी फक्त वाहत होते.

कार्ड आल्यापासून ही खुर्ची सारखी डोळ्यांसमोर यायला लागली. मी दिवसातून कितीतरी जणांना बस म्हणते. उत्तर आलं नाही म्हणून उभ्या राहिलेल्याला, ॲडमिशनच्या रांगेत मुलीबरोबर आलेल्या बापाला, वडील गेल्याचं सांगायला आलेल्या मुलाला, परीक्षेत चक्कर आलेल्या मुलीला. शिक्षकाच्या तोंडी हा शब्द इतका गुळगुळीत झालेला असतो की तो उच्चारल्याचंही कळत नाही. त्यातला एक कुणाच्या तरी उरात जाऊन बसला, आणि मला तो दिवस आठवत नाही. मी रजिस्टर काढून नावं वाचली, चेहरे आठवले, माहिती असलेल्या घरच्या अडचणी आठवल्या. काही सापडेना. आठवत नाही याचं मला वाईट वाटत होतं, जणू मी ते आभार फुकट घेतले. मग मनात आलं, खिडकीतल्या सरांना तरी मी आठवत असेन का? मानसशास्त्राच्या मॅडमनी आणखी एक अभ्यास सांगितला होता, अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांचा, 2018 चा. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याला वाटतं त्याहून समोरचा कमी अवघडतो आणि त्याला कितीतरी जास्त आनंद होतो. हे ऐकूनही मी दोन रविवार घालवले. तिसऱ्या रविवारी बस धरली.

पूर्वेला जावं तशी माती काळी होत जाते आणि पाऊस मागं राहतो. बैलहोंगलला उतरले तेव्हा ऊन होतं. राणी चन्नम्मांच्या समाधीवरून पुढं, विचारत विचारत घर सापडलं. सर ओसरीवर बसले होते, खूप बारीक झालेले, विभूतीचे पट्टे तसेच. मी पाया पडले. "यार री?" म्हणाले. मी नाव सांगितलं, कॉलेज सांगितलं, वर्ष सांगितलं. मोडक्या कन्नडमध्ये अर्ज, पाऊस, खुर्ची, सगळं सांगितलं. येताना बसमध्ये पाठ केलेलं वाक्य म्हटलं, निम्म उपकार मरेतिल्लरी, तुमचे उपकार विसरले नाही. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नंदगडद हुडुगी!" नंदगडची मुलगी. वडील शाळामास्तर, थोरला भाऊ मिलिटरीत, बरोबर? मी म्हटलं, नाही सर, मी जांबोटीकडची. ते हसून मान हलवत राहिले, आणि नंदगडच्या त्या मुलीबद्दल सुनेला सांगू लागले. कशी हुशार, कशी घाबरायची, तिचाही काही अर्ज अडला होता. मी दुसऱ्यांदा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा नाही केलं. माझ्या घशाशी काहीतरी अडकलं होतं, आणि ते नुसतं दुःख नव्हतं. सव्वीस वर्षं मी ज्या दुपारला आयुष्यातली एकमेव दुपार समजत होते, तशा त्यांच्या खात्यात किती होत्या! ती खुर्ची माझ्या एकटीसाठी ओढलेली नव्हती. नंदगडची ती मुलगी आली असेल का कधी इथवर, कोण जाणे. मी तिच्याही वतीनं म्हटलं, "हौद री." होय, सर.

"ऊटा आतेनवा?" त्यांनी विचारलं. मी जेवून आले होते, तरी नाही म्हटलं. सुनेनं ताट वाढलं, रोटी, वांगं, शेंगाचटणी. मी जेवत असताना सर समोर बसून होते, काही न बोलता. निघताना माझ्या पिशवीत चार शेंगाहोळिगे आल्या. मी आईच्या हातचा शेवटचा मध त्यांच्यासाठी नेला होता. त्याची बाटली सुनेनं धुऊन, पुसून, जोंधळ्यांनी भरून परत दिली. ती बाटली आता माझ्या ओट्यावर आहे आणि ती कशानं भरून परत पाठवायची हे माझं मलाच ठरवायचं आहे. आई नाही.

सप्ताह संपून महिना झाला होता. जिन्याखालचा बोर्ड काढून नेला होता, भिंतीवर चार खिळे आणि सुतळीचा एक तुकडा राहिला होता. मी एक पिवळं कार्ड मागून घेतलं आणि त्यावर कन्नड अक्षरांत मराठी लिहायला बसले. दोन ओळींना पाऊण तास लागला. काही जोडाक्षरं आठवेनात. तेव्हा कळलं, मागच्या बाकावरच्या त्या पोरीला उलट बाजूनं रोज काय करावं लागत असेल. "तुझं कार्ड मिळालं. नाव वाचता आलं नाही. स्टाफरूममध्ये ये, माझ्याकडे खुर्ची आहे." सुतळीच्या तुकड्याला ते अडकवलं आणि तासाला गेले.

दुसऱ्या दिवशी कार्ड तिथंच होतं. कुणी आलं नव्हतं. पण 'मिळालं'मधला ळ मी चुकून ल काढला होता, तो कुणीतरी निळ्या शाईनं दुरुस्त केला होता.